गुरुजींची गलोल आणि नातवाचा डोळा

मे महिन्यातील गोष्ट. संध्याकाळचे सहा वाजून गेले होते. दवाखान्यातील शेवटचे दोन पेशंट तपासून मी उठण्याच्या बेतात होतो, इतक्यात बाहेर रिक्षा थांबली आणि आमचे गुरुजी नातवाला हाताला धरून आत आले. नातू अकरा वर्षांचा. त्याच्या उजव्या डोळ्यावर स्टीलची छोटी वाटी पालथी घातलेली आणि वरून रुमाल बांधलेला. गुरुजींच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी पोरगाच म्हणाला, "डॉक्टरकाका, गलोलीचं रबर तुटलं."

वाचकहो, त्या क्षणी माझ्या पोटात गोळा आला. ती गलोल गुरुजींनी स्वतःच्या हाताने बनवलेली होती. आणि हा छंद त्यांना लावला होता मी!

झाले होते असे. शहापूर आणि मुरबाडच्या शाळांतून पस्तीस वर्षे शिकवून गुरुजी निवृत्त झाले. पहिले सहा महिने बरे गेले. मग रक्तदाब वाढला, झोप गेली, चिडचिड सुरू झाली. दिवसभर ओट्यावर बसून तंबाखू मळायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला चुका सांगायच्या, एवढाच उद्योग उरला. गोळ्या मी दिल्याच, पण म्हटले, "गुरुजी, हाताला काही काम शोधा. लहानपणी काय करत होता?" ते हसून म्हणाले, "गलोली करत होतो." मी म्हटले, "मग त्याच करा."

त्यांनी माझा सल्ला अक्षरशः पाळला. म्हशाच्या यात्रेतून पटाशी आणि कानस आणली. परसातल्या पेरूच्या फांद्या छाटल्या. वर्षभरात पडवीत वीस-पंचवीस गलोली टांगल्या गेल्या. पुढे बांबूची धनुष्येही आली. तंबाखू निम्म्यावर आली, झोप लागू लागली आणि रक्तदाब ताब्यात आला. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेत होतो. आणि आता ही वेळ!

आजींचे शहाणपण

पोराला खुर्चीत ताठ बसवून मी हलक्या हाताने वाटी काढली व टॉर्च लावला. पापणी सुजलेली. बुबुळाच्या खालच्या भागात, पेल्याच्या तळाशी सरबत साचावे तशी रक्ताची लाल रेषा दिसत होती. डोळ्याला बोथट मार बसला की आतील बारीक रक्तवाहिनी फुटून पारदर्शक पडद्यामागे असे रक्त साकळते. बाहेरून डोळा फुटलेला नव्हता. बोटे ओळखता येत होती. मी सुटकेचा श्वास सोडला, पण अर्धाच. कारण अशा डोळ्यात पहिल्या चार-पाच दिवसांत पुन्हा रक्तस्राव होण्याची भीती असते, आणि तो पहिल्यापेक्षा वाईट असू शकतो.

घरी काय काय झाले ते नंतर कळले. शेजारच्या एकाने मध घालायला सांगितले, दुसऱ्याने दूध, तिसऱ्याने गार पाण्याचे जोरात हबके. गुरुजींच्या पत्नीने कोणाचेही ऐकले नाही. पोराला डोळा चोळू दिला नाही. स्वच्छ वाटी पालथी ठेवली. वाटीची कड भुवईच्या आणि गालाच्या हाडावर टेकली, डोळ्याला कशाचाच स्पर्श नाही. वर सैल रुमाल बांधला आणि रिक्षा बोलावली. एवढेच. पण या एवढ्यानेच अर्धे काम झाले.

त्याच रात्री आम्ही मुलाला कल्याणला नेत्रतज्ज्ञांकडे नेले. आठवडाभर उशाला दोन उशा, खेळणे-धावणे बंद, डोळ्यात थेंब आणि रोज तपासणी. रक्त हळूहळू विरले आणि दृष्टी पूर्ववत झाली. मात्र तज्ज्ञांनी बजावले आहे की, या डोळ्याचा दाब दरवर्षी तपासून घ्यायचा, कारण अशा मारानंतर काही वर्षांनीही काचबिंदू होऊ शकतो.

पोरगा बरा झाला, पण आजोबा आजारी पडले. गुरुजींनी सगळ्या गलोली आणि धनुष्ये पोत्यात भरून माळ्यावर टाकली. पटाशीला हात लावीनात. तंबाखू परत आली. पंधरा दिवसांनी रक्तदाब पाहिला तर १७० वर १०० ! मला म्हणाले, "डॉक्टर, माझ्या हातून नातवाचा डोळा गेला असता. आता ती लाकडे चुलीत घालतो."

मी त्यांना म्हटले, "गुरुजी, परीक्षेत मुलगा एका गणितात चुकला तर तुम्ही त्याची वही जाळत होता का? चूक कुठे झाली ते पाहू." मग आम्ही दोघे बसलो आणि ती तुटलेली गलोल पुढे घेतली. त्यातून जे शिकलो तेच आज आपल्यापुढे मांडतो आहे. आपल्या दोन्ही तालुक्यांत गलोल नाही असे घर क्वचितच असेल!

जुना छंद, जुने दुखणे

गलोल हा शब्द रबरापेक्षा जुना आहे. पूर्वी मातीच्या गोळ्या फेकणाऱ्या धनुष्यालाच गलोल म्हणत. आजची दोन शिंगांची बेचकी आली ती रबर पक्के करण्याची कृती १८३९ मध्ये अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर यांना सापडल्यानंतर. आपल्याकडे सायकलची ट्यूब गावोगाव पोचली आणि गलोल पोराटोरांच्या हाती आली. आपल्या भागातील कातकरी बांधवांची गलोलीवरची नेमबाजी तर सर्वांना ठाऊक आहे. ठाकूर, वारली, महादेव कोळी यांच्या घरांतून तीरकमठाही पिढ्यान्‌पिढ्या होता.

धनुष्याची गोष्ट याहून कितीतरी पुरातन. १९९१ साली युरोपातील आल्प्स पर्वतात, बर्फात गोठलेला सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या माणसाचा देह सापडला. त्याच्याजवळ त्याच्या उंचीहून लांब असे लाकडी धनुष्य होते, अजून पुरते तासून न झालेले! डॉक्टरांनी देह तपासला तेव्हा उजव्या हाताला मरणाच्या काही दिवस आधीची खोल जखम आढळली. खांद्यात बाणाचे टोक रुतलेले होते, ते २००१ मध्ये क्ष-किरण तपासणीत दिसले.

दुसरे उदाहरण इंग्लंडचे. तेथे 'मेरी रोज' नावाचे युद्धनौकेचे जहाज १५४५ साली बुडाले आणि १९८२ मध्ये वर काढण्यात आले. त्यात लांब धनुष्ये दीडशेहून जास्त मिळाली. खलाशांच्या सांगाड्यांपैकी काहींच्या खांद्याच्या टोकाचे हाड, जे वाढत्या वयात जुळून एकसंध व्हायला हवे, ते जुळलेलेच नव्हते. लहानपणापासून जड धनुष्ये ओढल्यामुळे असे झाले असावे, असे अभ्यासकांचे मत आहे. आपल्याला यातून धडा एवढाच : वाढत्या वयाच्या मुलाच्या हाती मोठ्या माणसाचे धनुष्य देऊ नये. मुलाला हात न थरथरता, पाच-सात अंक मोजेपर्यंत ओढून धरता येईल इतकेच हलके धनुष्य त्याचे.

रबर आधी पाहा, मग लाकूड

आता गुरुजींच्या गलोलीकडे वळू. लाकूड उत्तम होते. गाठ नाही, चीर नाही. दोष होता रबरात. जुन्या सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या वर्षभर पडवीत उन्हात टांगलेल्या होत्या. ऊन आणि उष्णता यांनी रबर विरते. वरून काळे दिसते, पण ताणून उजेडात धरले की कडेला बारीक बारीक भेगा दिसतात. कैऱ्या पाडायला पोराने ती गलोल उतरवली, रबर डोळ्यापर्यंत ओढले आणि शिंगाजवळची पट्टी तुटली. दगड लागला नाही. तुटलेली पट्टीच चाबकासारखी उलटून डोळ्यावर बसली.

म्हणून गुरुजींच्या पडवीत आता हे नियम पाळले जातात :

रबर डब्यात, सावलीत ठेवायचे. गलोलीला बांधून टांगून ठेवायचे नाही.

प्रत्येक वेळी वापरण्यापूर्वी रबर तोंडापासून दूर, कमरेच्या खाली धरून ताणून पाहायचे. एक जरी भेग दिसली तरी पट्टी फेकून द्यायची. पावसाळा सरला की पट्ट्या बदलायच्याच.

डोळ्यांवर जाड, न फुटणाऱ्या प्लॅस्टिकचा संरक्षक चष्मा असल्याशिवाय रबर ओढायचे नाही. हार्डवेअरच्या दुकानात तो मिळतो. नेहमीचा काचेचा नंबरचा चष्मा हे संरक्षण नव्हे. काच फुटली तर उलट इजा वाढते.

दगड, लोखंडी छर्रे बंद. मातीच्या वाळवलेल्या गोळ्या वापरायच्या. त्या आदळल्या की फुटतात, उलट येत नाहीत.

निशाण म्हणजे पेंढा भरलेले पोते, त्याच्यामागे टांगलेले जुने घोंगडे. पोत्याच्या मागे रस्ता, गोठा किंवा माणसांची वाट असता कामा नये.

लाकूड निवडताना

फांदी पेरूची, चिंचेची किंवा बोरीची घ्यावी. दोन फाटे सारख्या जाडीचे असावेत. फांदी ताजी तोडून लगेच तासू नये. सालीसकट सावलीत महिना-दोन महिने वाळू द्यावी, नाहीतर नंतर ती तडकते. जिथे किडीचे भोक किंवा गाठ आहे, तिथेच ऐन ताणात लाकूड मोडते आणि त्याचा तुकडा तोंडावर येतो.

काही झाडांना मात्र हातच लावू नये. बिब्ब्याचा चीक अंगाला लागला तर फोड येतात. शेराचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर भयंकर आग होते आणि बुबुळाला इजा होते. कण्हेरीचे तर सगळे झाड विषारी, तिची काठी मुलांनी तोंडात धरली तरी धोका. अनोळखी झाड, ज्यातून चीक येतो, ते आपले नव्हेच.

धनुष्याला आपल्याकडे जुने लोक धामणीचे लाकूड उत्तम मानतात. ते लवचिक असते, म्हणूनच कावडीलाही वापरतात. नवख्याने मात्र बांबू घ्यावा. पक्का, भरीव, निदान तीन वर्षांचा. बांबूची साल धनुष्याच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे निशाणाच्या बाजूला राहते. ताण तिच्यावर पडतो, म्हणून तिला कोयता लावायचा नाही. तासायचे ते आतल्या बाजूने, थोडे थोडे, आणि दर वेळी वाकवून दोन्ही बाजू सारख्या वाकतात का ते पाहायचे. या कामाला घाई चालत नाही. एका बाजूने जास्त तासले की दुसऱ्या बाजूने तेवढेच काढावे लागते. गुरुजी म्हणतात, "वर्गातली दोन भांडखोर पोरे शेजारी बसवण्यासारखे आहे. दोघांना सारखे वागवले तरच टिकते."

आणि एक महत्त्वाचे. बाण न लावता दोरी ओढून सोडू नये. बाणात जायचा सगळा जोर धनुष्यातच राहतो आणि ते मोडून अंगावर येते.

हाताला काम, मनाला आराम

आता कोणी विचारील, डॉक्टर, एवढा धोका आहे तर हा छंद हवाच कशाला? उत्तर सोपे आहे. निवृत्त माणसाला रिकामपण हाही आजारच असतो. पटाशी धरणे, कानस फिरवणे, दोरी वळणे यांत बोटांचे सांधे हलते राहतात, पकड टिकते. एका कामात लक्ष गुंतले की मनातील चक्र थांबते. शिवाय दोन्ही हात कामात असले की तंबाखूच्या डबीकडे ते आपोआप जात नाहीत. रक्तदाबाच्या गोळ्यांची जागा छंद घेत नाही, गोळ्या चालू ठेवायच्याच. पण गोळ्यांना तो साथ नक्की देतो.

पथ्ये थोडी आहेत. मांडी घालून मान खाली करून तास न्‌ तास बसू नका. अर्ध्या तासाने उठा, मान-खांदे मोकळे करा. गुडघे दुखत असतील तर स्टुलावर बसा. लाकूड घासताना नाकावर रुमाल बांधा. दमा असेल तर हे काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून करा. रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी जड धनुष्य श्वास कोंडून ओढू नये. अशा जोराने दाब एकदम चढतो. गुरुजी आता दुसऱ्यांसाठी धनुष्य बनवतात, स्वतः मात्र हलकेच वापरतात.

धनुष्य आणि धनुर्वात

कोयता आणि पटाशी म्हटली की हात कापणारच. पाते नेहमी अंगापासून दूर जाईल असे चालवावे, आणि पात्याच्या वाटेत दुसरा हात नसावा. बोथट हत्यार जास्त कापते, कारण त्याला जोर लावावा लागतो. बांबूची सालही पात्यासारखी धारदार असते, तिची बारीक कूस नखाखाली शिरते.

अशी जखम झाली तर वाहत्या पाण्याने व साबणाने पाच-दहा मिनिटे धुवा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडक्याने दाबून धरा. तंबाखू, राख, चुना, माती यांपैकी काहीही भरू नका. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात. या रोगात आधी जबडा आखडतो, दातखीळ बसते आणि मग अंग धनुष्यासारखे मागे वाकते. त्यावरूनच त्याला हे नाव पडले. २०१५ साली भारतातून माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. ही मोठी गोष्ट आहे. पण जंतू मातीत आहेत तिथेच आहेत. लस न घेतलेल्या मोठ्या माणसाला धोका कायम आहे.

पूर्वीच्या टी. टी. ऐवजी आता टी. डी. ही लस मिळते. ती प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते. मुलांना दहाव्या आणि सोळाव्या वर्षी ती द्यायचीच. मोठ्यांनी दर दहा वर्षांनी एक डोस घ्यावा. जखम खोल किंवा मातीने भरलेली असेल आणि आधीच्या डोसला पाच वर्षे उलटली असतील, तर पुन्हा घ्यावा लागतो. शेवटची लस कधी घेतली ते आठवत नसेल, तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा.

डोळ्याला लागले तर

हा भाग कापून भिंतीवर लावला तरी चालेल.

डोळा चोळू नका, दाबू नका, उघडण्यासाठी पापणी ओढू नका.

मध, दूध, तूप, गुलाबपाणी, घरात उरलेले जुने थेंब, काहीही घालू नका. डोळा फुटल्याची शंका असेल तर पाण्यानेही धुऊ नका. मात्र झाडाचा चीक किंवा चुना उडाला असेल, तर गोष्ट उलटी आहे. तेव्हा ताबडतोब, पंधरा-वीस मिनिटे स्वच्छ पाण्याची धार सोडत राहा.

काही रुतले असेल तर ते उपटू नका. डोळ्यातील बाणाची काडी असो वा बांबूची कूस, ती काढायची ती ऑपरेशनच्या टेबलावर.

पालथी वाटी किंवा चहाचा कागदी कप डोळ्याला न टेकता हाडांवर बसवा आणि सैल बांधा.

रुग्णाला बसते किंवा डोके उंच ठेवून न्या. ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नका, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. ऑपरेशन लागण्याचा संभव असल्याने डॉक्टरांनी पाहीपर्यंत खायला-प्यायला देऊ नका.

दुखणे थांबले म्हणून घरी बसू नका. नंतरही डोळ्यापुढे विजा चमकणे, काळे ठिपके तरंगणे, कडेने पडदा ओढल्यासारखे वाटणे, डोळा ठणकून उलटी होणे, यांपैकी काही झाले तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा.

पाखरू नव्हे, पोते

शेवटी एक कटू पण आवश्यक गोष्ट. आपल्या लहानपणी होले, तितर मारणे हा पोरांचा खेळ होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार हा गुन्हा ठरला आहे. त्या कायद्यात शस्त्रांच्या व्याख्येत धनुष्यबाणाचे नाव आहे, आणि अभयारण्यात परवानगीवाचून शस्त्र नेण्यास बंदी आहे. शहापूर तालुक्यातील तानसा अभयारण्य आपल्या अगदी दारात आहे, तेव्हा हौसेचे धनुष्य खांद्याला लावून तिकडे फिरायला जाऊ नका. लाकूडही सरकारी जंगलातून तोडू नका. परसातली छाटलेली फांदी आणि आपल्या बांधावरचा बांबू पुरेसा आहे.

नेमबाजीची हौस असलेल्या मुलाला रोखायची गरज नाही, वाट दाखवायची गरज आहे. राजस्थानातील लिंबाराम हा आदिवासी मुलगा बांबूच्या धनुष्यावर हात बसवून १९८८, १९९२ आणि १९९६ अशा तीन ऑलिंपिकमध्ये खेळला. त्यांना १९९१ चा अर्जुन पुरस्कार आणि २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. आपल्या सातारा जिल्ह्यातील प्रवीण जाधव हा शेतमजुराच्या घरातील मुलगा २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये उतरला. त्याच जिल्ह्यातील आदिती स्वामी २०२३ मध्ये सतराव्या वर्षी जगज्जेती झाली. हौसेला शिस्त मिळाली की असे होते.

गुरुजींचे पोते आता माळ्यावरून खाली आले आहे. गेल्या रविवारी मी त्यांच्याकडे चहाला गेलो होतो. दारात नवीन फळा टांगलेला, त्यावर त्यांच्या सुंदर अक्षरात : 'चष्म्याशिवाय गलोलीला हात लावू नये.' नातू पट्टी उजेडात धरून भेगा शोधत होता. एक सापडली. त्याने ती आजोबांना दाखवली, आजोबांनी मान डोलावली आणि पट्टी चुलीत गेली.

मी रक्तदाब पाहिला. १३६ वर ८४. गुरुजी म्हणाले, "डॉक्टर, तुमच्यासाठी एक करून ठेवली आहे." पेरूची गलोल होती, तेल पाजलेली, हातात घ्यावीशी वाटणारी. रबर मात्र बांधलेले नव्हते. म्हणाले, "रबर ताजे आणाल त्या दिवशी बांधून देईन. आणि चष्मा घेऊन या."

मी अजून तरी हार्डवेअरच्या दुकानात गेलेलो नाही. या रविवारी जाणार आहे.